कुठंच न जोडलेली तार

९ जून
शिक्रापूरला आलो. वीस वर्षं चिपचे नकाशे हातानं काढले, आता एआयनं काढलेले तपासायचे! असो. पगार झकास, खोली त्याहून. उताराच्या पायथ्याशी, अगदी रस्त्याला लागून. घरमालक महबूबभाई ट्रक चालवतात. उतारावर दोनदा हॉर्न देतात, की मुमताजभाभी चहा टाकतात. मलाही कप मिळतो.

११ जून
ट्रकच्या ब्रेकची चिप. महिन्यांचं काम म्हणे चार तासांत उरकलं. दिसतंयच! मांजरानं लोकर विस्कटावी तसा नकाशा. कोपऱ्यात एक तार, कुठंच न जोडलेली. एआयला विचारलं, ही कशाला? म्हणे, काढल्यास धोका. कारण सांगता येत नाही. वा रे पंडित!

१२ जून
तार उडवली. सगळ्या चाचण्या पास. आमची मॅनेजर पूनम राहू द्या म्हणत होती. कालची पोर! सही ठोकली. महबूबभाईंना रंगवून सांगितलं, तर हसले नाहीत. म्हणाले, सायेब, जे कळत न्हाई त्याला हात लावू नये. आता ड्रायव्हरनं शिकवायचं राहिलं होतं.

२४ नोव्हेंबर
चिप तयार होऊन आल्या. टेबलावर मस्त चालतायत. पूनमला मुद्दाम बोलावून दाखवलं.

२८ नोव्हेंबर
चिप तापली की ब्रेकचा हुकूम पोचत नाही. निवली की पुन्हा साळसूद. दहांतल्या तीन. पूनमनं तार ठेवूनही थोड्या बनवून घेतल्या होत्या, त्या एकदाही चुकत नाहीत. का, ते कुणालाच ठाऊक नाही. तिला अजून माझ्या त्या तीन चिपांचं बोललो नाही.

३० नोव्हेंबर
सांगायला हवं. पण त्या यंत्रापुढं नाक घासायचं? मी? उद्या बघू.

१ डिसेंबर
भाभी कौतुकानं सांगत होत्या — तुमच्या कंपनीनं ट्रकला नवा ब्रेकचा डबा बसवून दिलाय. चाचणीसाठी, फुकट. कालच. पावतीवर नंबर माझ्याच चिपचा. आज ऊस भरून पाटसच्या साखर कारखान्याला, वाटेत चहाला थांबणार —
फोन उचलत नाहीत. गाडी चालवताना कधीच उचलत नाहीत.

सव्वाचार
हॉर्न. दोनदा. भाभींनी चहा टाकला. देवा, थांबू दे —
तिसऱ्यांदा —
थांबतच नाही हॉर्न — भाभी रस्त्याकडच्या खिडकीशी — ओरडायला हवं — सही माझी — त्या कप मांडतायत, तीन, माझाही —