माझ्या नावानं काढलेला कंद

४ जुलै १९८६
पोचले एकदाची! माझी पुण्याची एम.एस्सी. पाहून कळमेश्वरच्या औषध-कारखान्याने अख्खी प्रयोगशाळाच माझ्या हवाली केली. नागपुरात खोली, जायला-यायला कंपनीची जीप. काम अगदी सोपं. कळलावी या औषधी वेलीच्या एका कंदाचे तुकडे बाटल्यांत वाढवायचे, डिसेंबरपर्यंत हजार रोपं करायची, की नोकरी कायम. हाताखाली रुखमाबाई. बाटल्या धुते आणि न विचारता सल्ले देते.

१२ जुलै
कंदासाठी खाप्याच्या रानात गेले. रुखमाबाईचा दीर देवाजी तिथे मुळ्या काढतो. त्याची तऱ्हा ऐकून हसू आवरेना. आदल्या संध्याकाळी झाडाला हळद-तांदूळ वाहायचे, अडलेल्या बाळंतिणीचं नाव सांगायचं, मग सकाळी खणायचं. मूळ उगाळून तिच्या तळपायांना लावतात. मूल सुटलं की लगेच धुवायचं, नाहीतर आतलं सगळं ओढून काढतं म्हणे! मी म्हटलं, जीप उभी आहे, आत्ताच काढ. तर हा अडून बसला, "कोनाच्या नावानं काढू, बाई? बिननावाचं मी काढत नाई." घे, माझ्या नावानं काढ, म्हटलं. त्याने कानाला हात लावले, पण काढला.

३० ऑगस्ट
चाळीस बाटल्या. सगळ्यांत एकसारखे हिरवे कोंब. पोटात मात्र बारीक दुखतं. खानावळवाल्याला तिखट आणि अन्न यांतला फरक ठाऊक नाही, दुसरं काय होणार?

१८ ऑक्टोबर
तीनशे. ज्या दिवशी नवे तुकडे कापते त्या दिवशी कळ येते, कंबरेतून खाली उतरते. डॉक्टरांनी तपासलं. आत काही नाही, लग्न करा, म्हणाले. काय पण विद्वान! रुखमाबाई माझे तळपाय बघायला मागत होती. हाकलली तिला.

२० नोव्हेंबर
नऊशे. तळपाय पिवळे पडलेत, उगाळलेल्या मुळासारखा वास येतो. साबण, स्पिरिट, कशानेच जात नाही. शेवटी रुखमाबाईला विचारलं. हो, मी, तिला! पोटात मूल नसेल तर? म्हणाली, "नसंल तरी ते ओढतेच, बाई." अडाणी कुठली. मला भीती वाटते.

२२ नोव्हेंबर
बाटल्यांतली सगळी रोपं जाळायला गेले. सहाशे रोपं परवाच शेतकऱ्यांना लागवडीला वाटली, कारखान्याचे साहेब सांगतात. कोणाकोणाला, ते लिहून ठेवलेलं नाही. गाढवं सगळी! मातीत लागली असतील, वाढत असतील—

२३ नोव्हेंबर
दर पाच मिनिटांनी. घड्याळ पाहून लिहिते आहे. आता चार—

२४ नोव्हेंबर
भर दुपार. प्रयोगशाळेच्या फरशीवर. रुखमाबाई माझी पाठ धरून बसली आहे. जोर लावू नका म्हणते. मूर्ख बाई, मी लावतच नाही, ते आपोआप— मूल नाही, मग हे जे बाहेर येतंय ते माझंच—