सातवीच्या पोरींचं संशोधन

प्रिय घनश्याम,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, इकडे सगळं बरं आहे. मी अजून बाभुळगावजवळच्याच शाळेत सहावी-सातवीला शिकवते. यंदा पोरांच्या प्रकल्पांनी जो गोंधळ घातला, तो तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे प्रकल्प म्हणजे यवतमाळच्या दुकानातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी. दरवर्षी वर्गात जिकडे पाहावं तिकडे ज्वालामुखी. यंदा मी म्हटलं, हे बंद. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही, मोबाइलवर नाही, असा प्रश्न शोधा. गावात फिरा, माणसांना विचारा. आणि ज्याच्याबद्दल लिहाल त्याला स्वतःला विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

प्रेमच्या गटानं विषय घेतला, शाळेची खिचडी कोणत्या दिवशी चांगली लागते. बरेच दिवस चव घेऊन त्यांनी लिहिलं, तपासणीला साहेब येतात त्या दिवशी. खिचडी शिजवणाऱ्या इंदूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसरा गट पारावर माणसं किती वेळ बसतात ते मोजायला गेला. पोरं कागद-पेन घेऊन समोर बसली की माणसं एकेक करून उठायची आणि वावराची वाट धरायची. प्रकल्प फसला, पण बायका शाळेत येऊन म्हणाल्या, "मॅडम, हे वर्षभर चालू राहू द्या." आमचे मुख्याध्यापक नानाजी सर मात्र डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "मॅडम, ज्वालामुखीच बरा होता. तो कोणाले काही विचारत तरी नव्हता."

तांड्यावरच्या सोनू राठोडच्या गटातल्या पोरी आपला विषय सांगायलाच तयार नव्हत्या. मी जवळ गेले की कागद पालथा. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी तक्ता उलगडला. वर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या मॅडमनं लग्न काहून नाही केलं?'

घनश्याम, मी आधी वर्गाचं दार लावून घेतलं. खाली सगळ्या गावाची मतं. चहावाला भावसिंग म्हणतो, पत्रिकेत दोष असेल. इंदूबाईंच्या मते मॅडमचा स्वभाव तिखट. (ही मुलाखत खिचडीच्या निकालानंतरची दिसते.) नानाजी सरांचं मत, "वेळ नाही मिळाला." सोनूची आजी लालीबाई म्हणते, चांगलं केलं. सोनूची मावशी यवतमाळला आपल्या वर्गातल्या अमरच्या शेजारी राहते. सोनूनं त्यालाही गाठलं! अमरनं सांगितलं, "डीएडच्या वर्गात एक घनश्याम होता. दोघंही एकमेकाच्या विचारण्याची वाट पाहून राह्यले. तो वणीत आहे, अजून एकटाच आहे."

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. डीएडच्या शेवटच्या दिवशी यवतमाळच्या स्टँडवर तू म्हणालास, "काळजी घे." मी म्हटलं, "तू पण." तू वणीच्या गाडीत बसलास, मी बाभुळगावच्या. मला वाटलं, तुझ्या मनात काही नव्हतंच. तुला काय वाटलं, ते मी कधी विचारलंच नाही.

रागवायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. एवढंच म्हटलं, हा तक्ता उद्या लागणार नाही. सोनू म्हणाली, "मॅडम, तसाही निष्कर्ष बाकीच हाये. एका माणसाले विचाराचं राह्यलं. आम्ही रविवारी वणीले जाऊन राह्यलो, मावशीनं गाडी सांगितली."

पाच पोरी तुझ्या दारात उभ्या राहून माझ्या लग्नाबद्दल विचारणार, ही कल्पनाच सहन होईना. मी कसंबसं म्हटलं, त्या माणसाला मी विचारते. सोनूनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "नक्की विचारान नं?"

म्हणून हे पत्र. तेव्हा का विचारलं नाहीस, हे विचारण्यात आता अर्थ नाही. मीही कुठे विचारलं? आता मीच विचारते, माझ्याशी लग्न करशील का? नाही म्हणालास तरी मी शाळेत जाईन, शिकवीन, नीट राहीन. पण फोनवर सांगू नकोस, समोर ये आणि सांग. आणि येशील तेव्हा जरा तयारीनं ये, पोरींचे उपप्रश्न बरेच आहेत.

पत्राच्या शेवटी काय लिहावं, यातच दोन कागद फाडले. आता लिहूनच टाकते.

तुझीच,
सत्यशीला