हौसाच्या मोटेवर चारमिनार

२ फेब्रुवारी १९३९, सकाळी

दुसरीपर्यंत शिकली ते आज कामी आलं. बियाणेवाल्याने फुकट दिलेल्या या डायरीत आजपासून हौसाचं एकेक पाप लिहिणार.

हौसा म्हणजे माही धाकटी जाऊ. वाटणीत मळ्याचे दोन तुकडे झाले, इहीर एकच राह्यली. सकाळची मोट तिची, दुपारून माही. इहिरीजवळ एक दगड आहे. लिंबाची सावली दगडावरून सरली की तिने बैल सोडायचे, असा रिवाज. आता सावली सरतच नाही. काहून? दगडच रोज बोटभर लिंबाकडे चालून राह्यला. दगडाले पाय फुटले काय? हौसाले विचारलं तर म्हणे, बाई, सावली काही तुमच्या जिभेवानी झटपट चालत नाही.

इकडे माह्या मिरचीचे शेंडे पिवळे पडले. बदला घेणार. साधा नाही.

५ फेब्रुवारी

ठराव केला. हौसाशी बोलणं कायमचं बंद.

दुपारी: बोलली. पण नुसत्या शिव्या देल्या. ते बोलण्यात धरत नाही.

९ फेब्रुवारी

देव पावला! माहा भाऊ लखीराम हैद्राबादेहून आला. तिथं एका नवाबाच्या बागेत माळी आहे. त्याच्या मनगटावर घड्याळ! चौकोनी, अस्सल सोन्याचं. चार कोपऱ्यांले चार मिनार, मधात कमान, कमानीत काटे. हुबेहूब चारमिनार. म्हणे नवाबाने खास विलायतेत ऑर्डर देऊन बनवलं, अन् गुलाबावर खूश होऊन याले देऊन टाकलं.

त्याले चावीच नाही. ऑटोमॅटिक! भाऊ म्हणे, अक्का, हात हालला की आतलं चाक फिरते, तोच त्याचा जोर. अजून काय काय सांगत होता, मी ऐकलं नाही. मले पुढचं सुचलं होतं. म्हटलं, महिनाभर ठेवून जा. तो नाही म्हणे. मी रडली. मले पाहिजे तेव्हा रडता येते. ठेवून गेला.

१० फेब्रुवारी

टाइम पाह्यची विद्या एका सकाळीत शिकली. काही अवघड नाही, लोक उगाच शाळेत जातात.

जानराव पाटलाकडे गेली, मनगट त्याच्या नाकाखाली धरलं. म्हटलं, दगड चोर आहे, घड्याळ चोर नाही. पाटील म्हणे, चतुराबाई, उद्या घड्याळच तुमच्या इरुद्ध गेलं तर? म्हटलं, सोन्याची वस्तू, ते कोणाच्याबी हातात खरंच बोलते.

सांजेले पंच बसले. बारा वाजेपर्यंत हौसाची मोट, बारानंतर माही. सावली रद्द. दगड पाटलाने सोता उचलून काट्यात फेकला. मी अडूनच बसली की घड्याळाच्या शब्दाले मागून कोणी फाटा फोडायचा नाही. हौसाने मान डोलावली. भ्याली मले!

११ फेब्रुवारी

सकाळभर कांदे निंदले. बरोबर बाराले ओरडली, बैल सोड! हौसाची अर्धी कोथिंबीर कोरडी राह्यली. तिचं तोंड पाहून माहं पोट भरलं, भाकर खाल्ली नाही. उद्या याहून जास्त रडवणार.

१३ फेब्रुवारी

मिनार लुगड्याले अटकतात. दोन दोरे निघाले. कमानीत चिखल गेला. अशा हाताने निंदण कायले करू? आमच्या यायले म्हटलं, आजपासून निंदण, शेण, पाट वळवणं, सारं तुमी. मी फक्त टाइम पाहीन. हे खुरपं घेऊन निघाले. यायले कळते.

रात्री घड्याळ देव्हाऱ्यात निजवते.

१४ फेब्रुवारी

लिंबाखाली बाज टाकली. हात उशीवर. हात हालवायचा नाही, म्हणजे टाइम सांडत नाही. हौसा मोटेवरून ओरडते, बाई, हाताले बाळंतपण झालं काय? ऐकलं नाही असं दाखवलं. हसून घे म्हटलं मनात.

१६ फेब्रुवारी

अकराले दहा कमी. हौसाची मोट चालू.

बऱ्याच वेळाने: अकराले दहा कमी. भारी घड्याळ घाई करत नाही.

लिंबाची सावली बाजेवरून सरून पल्याड गेली. सूर्य आज घाईत आहे.

हे म्हणतात, अवो, भाकर वाढ, दुपार टळली. म्हटलं, अकरा वाजले नाहीत, भूक कशी लागते?

ढोरं घरी परतून राह्यली. ढोरायले टाइम काय कळते.

मग बाजेवरून उठली. हौसाले ओरडली, बैल सोड वं! ती म्हणे, बारा वाजू द्या ना, बाई. घड्याळाच्या शब्दाले फाटा फोडू काय? तिचे सारे वाफे भरले. मग तिने बांधावरच्या बाभळीले पाणी देलं. बाभळीले! माह्या डोळ्यासमोर!

१७ फेब्रुवारी

अकराले दहा कमी. मिरचीनं माना टाकल्या.

पाटलाले बलावलं. म्हटलं, या बाईने घड्याळावर करणी केली. असा हात नाचवला हौसाच्या तोंडापुढे, अजून नाचवला, तर घड्याळ टिकटिक करू लागलं! सारे गडी हसले. पाटील म्हणे, चतुराबाई, याले चालता हात लागते. तुमचा भांडतानाच चालते, रोज किती भांडाल? म्हटलं, कितीबी. म्हणे, त्यापेक्षा कांदे निंदा. म्हटलं, सोन्याच्या हाताने मी चिखलात जाणार नाही. तर हौसा म्हणे, मी जाईन. मिनार अटकले तर माहं लुगडं फाटीन.

पाटील माह्याकडे पाहून म्हणे, कोणाच्याबी हातात खरं बोलते, तुमीच म्हटलं होतं ना?

२० फेब्रुवारी

बदला पुरा झाला. घड्याळ हौसाच्या मनगटावर बांधलं, तिले माह्या घड्याळाची मोलकरीण केली. मोट हाकते, आपले कांदे निंदते, कोथिंबीर उपटते, दिवसभर हात हालवते, अन् घड्याळ कोणाचं चालते? माहं! तिले कळतबी नाही.

मिरची उपटून टाकली. नाहीतरी यंदा मिरचीले भाव नाही.

वांगे तेवढे राह्यले. त्यायले आज पाणी पाहिजेच. ऊन डोक्यावर आलंसं वाटलं. यायले म्हटलं, जाऊन विचारा. हे म्हणे, मी निंदून राह्यलो. मग मीच बांधापर्यंत गेली. म्हटलं, हौसा, किती वाजले वं?

तिने मनगट वर केलं, पदरानं काच पुसली, सावकाश पाह्यलं. म्हणे, बसा बाई, तुमच्या पाण्याले अजून टाइम आहे.

बसली.