चावलेली पेन्सिल

४ जून, मंगळवार

शी! आज दिवसभर मळ रंगवला. खोडरबराच्या कडेला साचतो तो — घामट बोटांचा, काळपट, तेलकट. माझा पांढरा, गोल कोपऱ्यांचा खोडरबर सकाळीच तयार होता. सुंदर, नवाकोरा! मालक मागे येऊन उभे राहिले. पेनाचं टोपण कानात घालून फिरवत होते (तेच टोपण पेनाला लावतात आणि तेच पेन मला देतात!). म्हणाले, "बाई, हा खोडरबर आहे की साबण?"

नवं काम असं — पहिलीच्या मुलांसाठी चित्रांचं पुस्तक, एका पानावर दप्तरातली एक वस्तू. चित्र इतकं खरं हवं की मुलाने उचलायला हात पुढे केला पाहिजे. आणि क्लायंटबाईंच्या मते खरं म्हणजे वापरलेलं. मळलेलं, चेमटलेलं, चावलेलं. "मुलांना आपापल्या वस्तू ओळखू आल्या पाहिजेत हो!"

मी या धंद्यात आले तीच मुळी स्वच्छतेसाठी. कॉम्प्युटरवर रंग सांडत नाही, ब्रश धुवावा लागत नाही, बोटाला काही चिकटत नाही. रेघ चुकली तर बिंदू धरून ओढायचा, झालं. आणि आता पगार घेऊन दुसऱ्यांच्या पोरांचा मळ रंगवायचा!

नेटवरचे फोटो बघून काढायचं नाही, हक्काची भानगड होते म्हणे. मालक म्हणाले, "घरी मुलगी आहे ना तुमच्या? तिचं दप्तर आणा." माझी नाही, नवऱ्याची — अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

५ जून, बुधवार

उंदराकडे कंपासपेटी मागितली.

उंदीर म्हणजे नवऱ्याची मुलगी. वय दहा. हे नाव फक्त इथे, या वहीत. पेन्सिल, पेनाचं टोपण, फ्रॉकची कॉलर, वेणीचं टोक — हाताला लागेल ते तोंडात. जेवणाच्या टेबलावर ओल्या, चोखलेल्या पेन्सिली सापडतात. पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा मी किंचाळले होते. नवरा हसला होता. मला अजून ते हसणं पचलेलं नाही.

ती मला काकू म्हणते. अहोजाहो करते. म्हणू दे. लग्नाला वर्ष होईल, पण आमच्यात अजून 'जेवायला चला' आणि 'अंघोळ झाली का' याच्यापुढे गाडी गेलेली नाही.

पेटी दिली, पण आधी उघडून त्यातलं एक थोटूक मुठीत लपवलं. नवरा म्हणाला, "दे गं, काकूंना कामाला पाहिजे." मूठ उघडली. पिवळ्या पेन्सिलीचा बोटभर तुकडा, वरपासून खालपर्यंत चघळलेला. मी टिश्यू पेपरमध्ये धरून घेतला.

"काकू, लवकर परत द्याल?"

देईन बाई. मला काय लोणचं घालायचंय त्याचं!

६ जून, गुरुवार

शार्पनर. पात्याखाली अडकलेला भुसा, त्यात एक केस. केससुद्धा काढला मी! मालक खूश. दुपारी डबा उघडवला नाही.

७ जून, शुक्रवार

बोर्डिंग शाळेचं पत्र आलं, जागा मिळाली. वीस तारखेला सोडायचं.

कल्पना माझी. कबूल करायला मला काही लाज नाही. तिला शिस्त लागेल, मला घरात मोकळा श्वास घेता येईल. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. कुठे कोण अडकलं की ताटावरून उठून धावतो. मग घरात आम्ही दोघीच. ती एका कोपऱ्यात कुरतडत बसलेली, मी दुसऱ्या कोपऱ्यात ते ऐकत. असं किती वर्षं चालणार? नवरा म्हणाला, "तिला विचारूया." विचारलं. ती म्हणाली, "चालेल."

बघा, तिलाही नकोच आहे मी.

१० जून, सोमवार

पेन्सिल घेतली एकदाची. सगळ्यात शेवटी ठेवली होती.

डोकं लढवलं — दाताची एकच खूण नीट बनवली. खोल भागाला गडद छटा, कडेला उजेडाची रेघ, उडालेला पिवळा रंग, खाली कच्चं लाकूड. मग तीच कॉपी-पेस्ट, कॉपी-पेस्ट, जरा इकडे वळव, जरा तिकडे. वस्तूकडे बघायचीही गरज नाही!

मालकांनी पाहिलं. "बाई, ही पेन्सिल आहे की चाळणी? सगळीकडे एकच दात! अहो, माणसाच्या तोंडात सगळे दात सारखे असतात का?" आणि स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. कशासाठी? मी काय पाप केलं होतं?

उद्या थोटूक भिंगाखाली धरायचं. एकेक खूण वेगळी काढायची.

११ जून, मंगळवार

काढते आहे. मोठं करून, अजून मोठं करून. एक दात म्हणजे एक खड्डा, एका खड्ड्याला चार-पाच आकार एकावर एक. किळस येते आणि तरी हात थांबत नाही — हे काय आहे कुणास ठाऊक. कुठे दात नुसता टेकलाय, कुठे रुतलाय. एका जागी पुन्हा पुन्हा चावून लाकडाचे तंतू सुटलेत. तिचा पुढचा दात वाकडा आहे, तो लगेच ओळखू येतो. त्याची खूण तिरकी पडते.

आणि मग वरच्या टोकाला दिसलं ते! तिथल्या खुणा रुंद आहेत, सपाट. वाकडा दात नाही. कडा झिजून गुळगुळीत, काळ्या झालेल्या. जुन्या. हे पोरीचं तोंडच नव्हे. मोठ्या माणसाचे दात!

म्हणजे एक पेन्सिल, दोन तोंडं. मी उठून हात धुतले. पुन्हा आले, बघितलं, पुन्हा धुतले.

मी तिच्या खुणा एका लेअरवर, म्हणजे चित्राच्या एका थरावर ठेवल्या, त्या मोठ्या दातांच्या दुसऱ्यावर. निदान माझ्या फाइलमध्ये तरी उष्टं वेगळं!

१२ जून, बुधवार

सकाळी नवऱ्याला धरलं. "तूसुद्धा पेन्सिली चावतोस?"

"मी? मी लिफ्टच्या तारा चावतो."

"थट्टा नकोय. त्या थोटकावर मोठ्या माणसाचे दात आहेत."

चहा तसाच टाकून पिशवी उचलली, निघाला. चोरी पकडली गेली! बाप तसा, लेक तशी. कुठल्या घरात येऊन पडले मी!

संध्याकाळी तिलाही विचारलं. कोणाचं उष्टं तोंडात घालतेस? शाळेत कोणी देतं का? किती रोग होतात माहितेय? ती जमिनीकडे बघत उभी. "कोणाचं नाही." मी आवाज चढवला. "मग ते मोठे दात कोणाचे?" डोळे कोरडे ठणठणीत. वेणीचं टोक तोंडाकडे गेलं, मी बघत होते म्हणून अर्ध्यावर थांबलं.

असली हट्टी कार्टी! वीस तारीख कधी एकदा उजाडते असं झालंय.

१३ जून, गुरुवार

वा! क्लायंटबाईंना आज साक्षात्कार झाला. पालक तक्रार करतील, मुलांना घाण सवयी शिकवता म्हणून. तेव्हा मळ पुसा, भुसा काढा, पेन्सिल नवी करा. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात — मालकांनी कपाळाला हात लावला, मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

पुसतंय कोण? आमच्या धंद्यात कोणी काही पुसत नाही. जुन्यावर नवा आकार टाकायचा, झाकायचं, पुढे जायचं. पोट उघडून पाहिलं तर प्रत्येक फाइलमध्ये सात-आठ मेलेली चित्रं निघतील. त्या सगळ्या चावलेल्या लाकडावर एक लांब पिवळा स्वच्छ आकार ठेवला. उजेडाची एक रेघ दिली. चकाचक! फाइल गेली छापायला.

आणि थोटूक टिश्यूत गुंडाळून ऑफिसच्या कचऱ्याच्या डब्यात. चिमटीत धरून टाकलं. बाकी कंपासपेटी पुसून, नव्या बारा पेन्सिलींसकट घरी आणली. आज झोप छान लागेल.

१४ जून, शुक्रवार

पेटी दिली. तिने नव्या पेन्सिली बाजूला केल्या. पट्टी उचलली, खाली पाहिलं. पेटी उलटी केली. "काकू, ती पिवळी?"

"टाकली. घाण झाली होती. बारा नव्या आणल्यात की."

रडली नाही. पेटीत सगळं परत भरलं, नव्या पेन्सिली माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या, खोलीत गेली. जेवायला आली नाही. मी दार वाजवलं तर आतून, "भूक नाहीये, थँक यू." थँक यू! मला ते फार लागलं. का लागलं कळत नाही.

१५ जून, शनिवार

सकाळी नवरा म्हणाला, "कुठली पेन्सिल टाकलीस?"

मग सांगितलं. ती शिवणकाम करायची — त्याची पहिली बायको. कपड्यांची मापं मांडायची. पेन्सिल कायम दातांत, कारण दोन्ही हात कापडात. आजारपणातही कापड मागायची. "मी पोरीला म्हणायचो, आईसारखी चावू नकोस. आई गेली आणि ही तिचीच पेन्सिल चावायला लागली. आईची चावलेली जागा सोडून चावायची. वरचं टोक तिनं कधी तोंडात घातलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"तू दात म्हणालीस ना, तेव्हा माझ्याने बोलवलंच नाही."

रिक्षा करून ऑफिसला गेले. डबा रिकामा. झाडायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, काल संध्याकाळीच खाली नेला. इमारतीमागे मोठा पिंप आहे. मी — मी! — बाह्या वर करून त्यात खांद्यापर्यंत हात घातले. चहाचा चोथा, ओले कागद, केस, कोणाचं तरी कुजलेलं फळ. प्रत्येक टिश्यूचा बोळा उघडला. वॉचमन लांबून विचारत होता, "मॅडम, अंगठी हरवली का?"

मिळाली नाही. कचऱ्याची गाडी पहाटेच येऊन गेली होती. तळाला उरलेला कचरा तेवढा मी उपसला.

घरी येऊन हात धुतले. वास जात नाही. आणि खरं सांगायचं तर किळस त्याची येत नाहीये. मी टिश्यूत धरून ते टाकलं, त्या चिमटीची येतेय. आरशात बघायला नको वाटतं. पोर समोरून गेली. मी "ऐक ना" म्हणाले. ती थांबली, अदबीने. "काही नाही," म्हटलं.

१६ जून, रविवार

ट्रंक भरली तिने. स्वतःहून. कपड्यांच्या घड्या अशा, की मलाही नावं ठेवता येणार नाहीत.

१७ जून, सोमवार

फाइल उघडली. वरचा पिवळा आकार हलवला. खाली सगळं तसंच्या तसं. मूर्खासारखी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. मग शाळा सुटायच्या वेळेला जाऊन तिला थेट ऑफिसला आणलं, माझ्या खुर्चीत बसवलं. मालक काहीतरी बोलायला आले, माझं तोंड बघून परत गेले.

म्हटलं, "ती पेन्सिल मी टाकली. माझं चुकलं. फार वाईट चुकलं. पण मी ती आधी काढली होती."

स्क्रीनला नाक लागेल इतकी पुढे वाकली. वरच्या टोकावरच्या रुंद खुणांवरून बोट फिरवलं. काचेवर ठसा उमटला, मी पुसला नाही. "हा आईचा. हा पण." मग खाली, तिरक्या खुणांवर. "हे माझे. मी बिघडवली." आणि तिथे ती रडली. तोंड दाबून, आवाज न करता. इतके दिवस कुठे ठेवलं होतं एवढं!

१८ जून, मंगळवार

सकाळी तिला म्हणाले, बोर्डिंगला जाऊ नकोस. नवऱ्यासमोर म्हणाले. माझ्यासाठी राहा, असंही म्हणाले. जीभ अडखळली, पण म्हणाले.

मग म्हणाली, "काकू, कॉम्प्युटरमध्ये माझे दात काढून टाकता येतात? फक्त तिचे ठेवायचे. आधी ते करा, मग सांगते."

ऑफिसात आहे. तिचा लेअर बंद केला की तिच्या खुणांच्या जागी काहीच नाही, नुसतं भोक. तिथे कच्चं लाकूड भरावं लागेल, रंग भरावा लागेल, पेन्सिल तिच्या आईच्या हातात होती तशी. तशी ती पेन्सिल मी कधी पाहिलेली नाही. संध्याकाळी तिच्या शेजारी बसून विचारत विचारत काढणार.