बिब्याची शाई

प्रिय प्रसेन,

सकाळी बिबे फोडले, तेल काढलं आणि आईनं शिकवली तशी शाई केली. बोटांवर नेहमीसारखे फोड आलेत, पण दुखत नाहीत. खरं तर कालपासून काहीच दुखत नाही. आईनं चहा ठेवला, तो उतू गेला, आणि आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो.

लिहितेय ते मलाही दिसत नाही. ओळीवर ओळ चढली असेल तर सांभाळून घे. ज्याला लिहिलं त्याचा हात लागल्याशिवाय ही शाई उमटायची नाही, आणि हात आहे तोवर साऱ्या जगाला दिसणार. हे एकदा तू साफ विसरला होतास. चिखलीच्या कॉलेजला जायचास तेव्हा तुझ्या डब्यात चिठ्ठी घातली होती, ‘अर्पिताकडे बघत बसू नकोस, अभ्यास कर.’ बाकीच्यांना कोरीच दिसेल म्हणून शहाण्यानं एसटीत ती उंच धरून मिरवली. अख्ख्या गाडीनं वाचली. अर्पितानंसुद्धा. मग किती दिवस माझ्याशी अबोला धरलास!

इकडे धाड गावात विशेष काही नाही. बाबा अंगणात बसून असतात. तुझी जीप उभी राहायची तिथे शेजारच्या शालूबाईंनी मिरच्या वाळत घातल्यात, त्यांना कुणी हटकलं नाही. जीप दुसऱ्या कुणाला चालवायला देऊन पुण्याला कामाला जातो म्हणत होतास. दिलीस का रे? तुझा फोन लागत नाही.

काल देऊळगाव राजाच्या रस्त्यावर तुझी जीप जळाली. आत एकच माणूस होता. चेहरा ओळखू येत नाही, हाताचा एक तळवा तेवढा वाचलाय. तपासणीचा अहवाल यायला बरेच दिवस लागतील, पोलीस म्हणाले. आई म्हणाली, अहवाल कशाला, आपली शाई आहे. माणूस गेला तरी अंत्यसंस्कार होईपर्यंत हाताची ओळख जात नाही. बाबा एवढंच बोलले, “माह्याच्यानं नाही होणार, रेणुका. तू जाय.”

दुपारच्या एसटीनं निघतेय. हा कागद त्या तळव्यावर ठेवायचा आहे. आजवर तुला लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी तू वाचावीस म्हणून लिहिली. ही तेवढी तुला वाचता येऊ नये. कोरी राहिली तर घरी आणून चुलीत घालीन, आणि तू पुण्याहून आल्यावर कितीही मागे लागलास तरी यात काय लिहिलं होतं ते सांगणार नाही.

तुझीच,
रेणुताई