कलाबाईचा न हललेला फोटो

मखमलाबाद, नाशिक
श्रावण, १९९८

तीर्थरूप ठमाक्का यांना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे भिमाजीचा, वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे सध्या तुमचं ऐकत असतील अशी आशा आहे. साडूभाऊ गेल्यापासून तुम्ही सिन्नरच्या घराचा उंबरा ओलांडत नाही असं ऐकतो, ते काही बरं नाही. इकडे मी ठीक. सुवर्णा माहेरी आली आहे आणि बापाला वळण लावते आहे (उशीर झाला आहे, पण तिचा हट्ट). मळ्यातला झेंडू बरा आहे. तुमच्या बहिणीला, कलाबाईला, जाऊन भाद्रपदात वर्ष होईल. हे तुम्हाला कळवायला नको, पण पत्राला कुठून तरी सुरुवात करावी लागते.

वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा म्हणून सुवर्णाने बाजारातून चांगली सोनेरी चौकट आणली आहे. चौकटीत दुकानदाराने नमुना म्हणून एका गोऱ्यापान बाळाचं चित्र घातलेलं आहे. ते काढून आत घालायला दुसरं काही नाही, म्हणून बाळ तसंच भिंतीवर हसत बसलं आहे. परवा शेजारच्या सखुबाई आल्या आणि सवयीने त्याच्याकडे बघून डोळ्यांना पदर लावून गेल्या.

तुम्ही म्हणाल, ओझरच्या कारखान्यात नोकरी केलेल्या आणि तिथल्या रशियन साहेबाकडून कॅमेरा विकत घेतलेल्या माणसाच्या घरात बायकोचा फोटो नसावा? आहेत, अक्का, आल्बम भरून आहेत. पण तो कॅमेरा वजनाला वरवंट्यासारखा, आणि तो हातात धरूनच फोटो काढायचा हे माझं तत्त्व. कोपर बरगडीला टेकवायचं, श्वास रोखायचा, खटका अलगद दाबायचा. (श्वास मी इतका वेळ रोखायचो की ऐन खटक्याला धाप लागलेली असायची.) त्यात कलाबाई सापडायची फक्त पहाटे, फुलं तोडताना, म्हणजे उजेडाच्या नावाने बोंब. स्टुडिओवाला चंदर रोल धुऊन देताना दरवेळी सांगायचा की एवढ्या उजेडात कुणाचाही हात हलतो, काका, ट्रायपॉड घ्या. मी त्याला ऐकवायचो की या हातांनी विमानाचे भाग जोडले आहेत, त्यांना तीन काठ्यांचा आधार नको. विमानं सरळ उडाली. फोटोत मात्र कलाबाई, मळा, बैल, सगळं एकमेकांत कालवलेलं. तुम्हीही एकात आहात, पण तुम्ही कुठल्या आणि कडब्याची गंजी कुठली यावर आमच्यात अजून एकमत नाही.

शेवटी घेतला ट्रायपॉड. पहाटे मळ्यात बांधावर रोवला, कलाबाईला फुलांच्या पाटीमागे बसवलं आणि हलू नको म्हणून बजावलं. ती म्हणाली, "तुमचं हुईस्तोवर माल सुकंल माझा. बाजार काय फोटू बघून फुलं घेतो व्हय?" तरी बसली. मी वाकून नीट जुळवलं आणि खटका दाबला. अक्का, काय तो फोटो! झेंडूची पाकळी न् पाकळी वेगळी, पाटीची वीण स्पष्ट, मागच्या बैलाच्या पापण्यासुद्धा मोजून घ्याव्यात. आणि मधोमध, जिथे बायको असायला हवी, तिथे हिरव्या लुगड्याचा एक फराटा. ऐन वेळी ती उठली होती. चंदर म्हणाला, "काका, ट्रायपॉड क्यामेऱ्याला धरतो. काकूला कोन धरणार?" त्यानंतर मी पुष्कळ रोल घालवले. सगळं जग स्थिर आणि ही एकटी निघालेली.

दुसरीकडे शोधावं तर लग्नाच्या फोटोत नुसतं बाशिंग आहे, आत कुणीही असू शकेल. ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं गावात आली त्या दिवशी दसऱ्याचा झेंडू तोडणीला आलेला, त्यामुळे ती गेलीच नाही. मग गेल्या भाद्रपदात तिला ताप आला. दवाखान्यात चालत गेली आणि तिकडून आम्ही तिला उचलून आणलं, हे तुम्ही पाहिलंतच.

एक गोष्ट मात्र तुम्ही पाहिली नाही, कारण तुम्ही आत बायकांत होता. ओट्यावर भावकीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भिमाजी, घरात फोटू नाय ना? मग आत्ताच काढून घे. आता काय ती हलायची नाय." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बायका तुम्हाला पाणी द्यायला मागच्या दारी घेऊन गेल्या तेवढ्यात मी खरंच ट्रायपॉड आणला. तत्त्व वगैरे काही उरलं नव्हतं, हातात कॅमेरा ठरेना. एकच खटका दाबला. अक्का, तो फोटो इतका स्पष्ट आला आहे की मी तो ट्रंकेत तळाशी, तिच्या लुगड्यांखाली ठेवला आहे. कपाळावरचं गोंदण त्यात दिसतं. ते एका बाजूला किंचित फिकट आहे हे इतकी वर्षं संसार करून मला ठाऊक नव्हतं.

त्याचीच एक प्रत चंदरने मागून नेली. म्हणाला, डोळे उघडून देतो, आमच्या धंद्यात नेहमीचं काम आहे. त्याने ब्रशने डोळे रंगवले. छान टपोरे, शांत, सोशिक डोळे. कलाबाईने आयुष्यात कुणाकडे तसं बघितलं नाही. सुवर्णा बघून किंचाळली आणि मी चंदरला चहा पाजून वाटेला लावलं. बिचाऱ्याने मन लावून केलं होतं.

खरं सांगायचं तर भिंतीचं मला एवढं काही नाही. पण हल्ली तिचा चेहरा आठवेनासा झाला आहे. आवाज आठवतो, शिव्या तर शब्दन् शब्द आठवतात, पण चेहरा आठवायला गेलो की तो हिरवा फराटाच डोळ्यांपुढे येतो. त्याची मला फार भीती वाटते. असो. गुडघ्यांना तिळाचं तेल लावत जा.

आपला,
भिमाजी

ता. क. : तुम्ही आणि ती एका साच्यातल्या, हे सगळं गाव म्हणायचं. फरक एवढाच की तुम्ही बसलात की बसता. वर्षश्राद्धाच्या आधी दोन दिवस या, माझ्या मळ्यात, झेंडूच्या पाटीमागे बसा. ट्रायपॉड मी आजच पुसून ठेवला आहे. चौकटीत तुम्हाला लावू. आल्यागेल्याला काय कळणार आहे? सुवर्णाला विचारलं, ती रडली, पण नाही म्हणाली नाही.

ता. क. दुसरा : एक अडचण आहे आणि ती लिहायला मला पानभर लांबण लावावी लागली. कलाबाई सवाष्ण गेली. फोटोत कपाळावर कुंकू लागेल. साडूभाऊंच्या माघारी तुम्हाला ते लावायला सांगणारा मी कोण? तरी विचारतो. घरात दुसरं कुणी बघणार नाही, दार लावून घेऊ आणि लगेच पुसू. रागावला असाल तर इथेच फाडून टाका.

ता. क. शेवटचा : नाही, कुंकू राहू द्या. मला असं लिहायला नको होतं. तुम्ही आहात तशाच, मोकळ्या कपाळाने या. फोटो धुऊन आला की लाल शाईने कुंकू मी लावीन. आता हात फार हलतो, वाकडं लागेल. पण तिला माझ्या हाताची सवय आहे.