बोंबील शेपटीनं टांगत नाहीत

झाई, रविवार

जतीन,

तुझं आमंत्रण पोचलं. मुंबईच्या प्रदर्शनाला आईला घेऊन ये, तिला स्टेजवर बसवायचंय, असं लिहिलंयस. आम्ही येणार नाही.

बडोद्याला शिकलास, तीन वर्षं पोर्तुगालला राहिलास. मुलाखतीत म्हणालास, "दूर गेलो तेव्हा मला माझा किनारा दिसला." मग आमंत्रणावर छापलेल्या त्या मोठ्या चित्रात बोंबील शेपटीनं का टांगलेस रे, धुतलेल्या मोज्यांसारखे?

एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दहावीपर्यंत शाळेआधी तू हेच करायचास. त्यांच्या दातांनी तुझी बोटं सोलून निघायची. त्याच बोटांनी मागच्या भिंतीवर तू कोळशानं काढलेली बोंबलांची दोरी अजून आहे. तिच्यातला एकेक जबडा बरोबर आहे. तेव्हा तू उंबरगावच्या पुढेही गेला नव्हतास.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू चित्र दुरुस्त करशील आणि पुढच्या मुलाखतीत माझं नाव घेशील.

आईला आमंत्रण दाखवलं. तिला नाव वाचता येत नाही. चित्र डोळ्यांजवळ धरून तिनं बराच वेळ बघितलं आणि हसली.

"बाय, कुठल्या गावचा गो हा? यानं कधी बोंबील वाळत घातलेला दिसत नाय."

मी म्हटलं, "बाहेरचा आहे, आई."

तुझी थोरली,
हेमांगी